शाळेचा निकाल आणि त्याचा छेद

माध्यमिक शाळा चांगली की सुमार हे ठरवण्यासाठी महाराष्ट्रात पालक, संस्थाचालक, शिक्षणाधिकारी आणि वर्तमानपत्रे ही सारी मंडळी एकाच आकड्याकडे पाहतात, आणि तो आकडा म्हणजे त्या शाळेचा दहावीचा शेकडा निकाल. 1965 च्या कायद्यान्वये 1 जानेवारी 1966 पासून अस्तित्वात आलेले महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ आज नऊ विभागीय मंडळांमार्फत ही परीक्षा घेते आणि निकालाच्या दिवशी प्रत्येक शाळेच्या नावापुढे नोंदणी केलेले विद्यार्थी, परीक्षेला प्रविष्ट झालेले विद्यार्थी, विशेष प्रावीण्यापासून उत्तीर्ण श्रेणीपर्यंतची वाटणी आणि शेवटी टक्केवारी अशी एक ओळ प्रसिद्ध होते. या ओळीतील शेवटचा आकडाच तेवढा फलकावर चढतो, प्रवेशाच्या दिवसांत गावोगाव फिरतो आणि पुढच्या वर्षीची पटसंख्या ठरवतो. उत्तीर्णांच्या संख्येला प्रविष्टांच्या संख्येने भागून शंभराने गुणले की हा आकडा मिळतो. भागाकार सोपा आहे. परंतु अंशात काय शिरते आणि छेदातून कोण वगळले जाते, हे पाहिल्याशिवाय त्या भागाकारातून शाळेविषयी काहीही निश्चित सांगता येत नाही.

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंकुशनगरसारख्या ठिकाणी हा प्रश्न विशेष तीव्रतेने उभा राहतो. समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेल्या या वसाहतीला अंकुशराव टोपे यांचे नाव आहे. सहकारी कारखाना आणि शिक्षणसंस्था ही ग्रामीण महाराष्ट्रातील परिचित जोडी या परिसरातही दिसते. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी आणि ऊस यांनी येथील काही घरांना स्थैर्य दिले, तर त्याच तालुक्यातील जिरायती गावांतली आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातली अनेक कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. कारखान्याचा गाळप हंगाम साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्चपर्यंत चालतो, आणि दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. म्हणजे ज्या महिन्यांत परीक्षेची खरी तयारी व्हायची, तेच महिने कोयत्याचे असतात. कारखान्यातील कायम कर्मचाऱ्याचा मुलगा, बागायतदाराची मुलगी आणि हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहिलेले ऊसतोड कामगाराचे मूल अशी तिघेही एकाच वर्गात बसू शकतात, आणि त्या वर्गाचा निकाल मात्र एकाच आकड्यात सांगितला जातो.

हा आकडा प्रथमतः परीक्षेची योजना मोजतो, शाळेचे काम नंतर. याचा पुरावा अलीकडच्या काही वर्षांच्या राज्याच्या निकालात इतका स्पष्ट आहे की त्यासाठी वेगळा प्रयोग करण्याची गरज नाही. मार्च 2018 मध्ये राज्याचा दहावीचा निकाल 89.41 टक्के होता. पुढच्या वर्षी दहावीला नवा अभ्यासक्रम आला आणि त्याबरोबर भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांतील 20 गुणांचे अंतर्गत मूल्यमापन, म्हणजे शाळेतील शिक्षकांनीच तोंडी परीक्षा व स्वाध्याय यांवर द्यायचे गुण, बंद करण्यात आले. 2019 चा निकाल 77.10 टक्क्यांवर आला. ओरड झाल्यावर हे गुण पुन्हा सुरू करण्यात आले आणि 2020 मध्ये निकाल 95.30 टक्के लागला. त्या वर्षी टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे सरासरी गुण देण्यात आले होते, हेही येथे नोंदवले पाहिजे. 2021 मध्ये करोनाच्या साथीमुळे परीक्षाच झाली नाही. नववीच्या निकालाचे 50, दहावीच्या वर्षभरातील लेखी मूल्यमापनाचे 30 आणि तोंडी, प्रात्यक्षिक वा गृहपाठाचे 20 अशा वाटणीने गुण देण्यात आले आणि निकाल 99.95 टक्के झाला. शिकवणारे शिक्षक बहुतेक तेच, शाळा त्याच, गावे तीच. तरी एका वर्षात आकडा बाराहून अधिक अंशांनी घसरला आणि लगेच पुढच्या वर्षी अठराहून अधिक अंशांनी वर गेला. 2019 मध्ये ज्या मुख्याध्यापकांना निकाल का पडला म्हणून खुलासे द्यावे लागले आणि 2020 मध्ये ज्यांचे सत्कार झाले, त्या दोघांच्याही कामात तेवढा फरक पडलेला नव्हता. एकाच वर्षात एकाच योजनेखाली परीक्षा दिलेल्या शाळांची तुलना यामुळे निरर्थक ठरत नाही. पण गेल्या वर्षापेक्षा शाळा सुधारली किंवा ढासळली हे विधान केवळ टक्केवारीवरून करणे चूक आहे, एवढे यातून नक्की होते.

एकाच वर्षातील तुलनाही दिसते तितकी सरळ नाही, कारण ग्रामीण शाळांचे वर्ग लहान असतात. ज्या वर्गात 25 मुले परीक्षेला बसली, तिथे एक मूल नापास होणे म्हणजे निकालातील चार टक्के जाणे होय. संभाव्यतेच्या साध्या गणिताने ही गोष्ट अधिक नेमकी सांगता येते. प्रत्येक मुलाची उत्तीर्ण होण्याची शक्यता 93 टक्के आहे असे धरले, आणि 25 मुलांच्या अनेक शाळा अगदी सारख्याच दर्जाच्या आहेत असे मानले, तरी त्यांपैकी साधारण सहांतल्या एका शाळेचा निकाल निव्वळ योगायोगाने शंभर टक्के लागेल आणि अकरांतल्या एका शाळेचा निकाल 84 टक्के किंवा त्याहून खाली जाईल. या दोन शाळांत गुणवत्तेचा काहीच फरक नाही, हे आपण गृहीत धरूनच आकडेमोड केली आहे. तरी एकीच्या दारात तोरण लागेल आणि दुसरीला नोटीस जाईल. तीच शक्यता 250 मुलांच्या शाळेला लावली तर योगायोगाने शंभर टक्के निकाल लागणे जवळजवळ अशक्य होते, आणि म्हणून शंभर टक्के निकालाच्या याद्यांत लहान शाळांची गर्दी असणे स्वाभाविक आहे. तळाच्या यादीतही लहान शाळाच अधिक दिसतात, आणि त्याचे कारणही हेच असते. लहान शाळेचा निकाल एका वर्षाचा न पाहता तीन किंवा पाच वर्षांचे विद्यार्थी एकत्र मोजून पाहावा, ही यावरची साधी दुरुस्ती आहे आणि तिला खर्च काहीच येत नाही.

छेदाचा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण तिथे योगायोग नसून निवड असते. शिक्षणहक्क कायद्यामुळे आठवीपर्यंत मुले वरच्या वर्गात जात राहिली आणि नववी हा पहिला मोठा अडसर ठरला. दहावीचा निकाल खाली येऊ नये म्हणून कच्ची मुले नववीतच थांबवणे, नाही तर त्यांच्या पालकांना बोलावून सतरा नंबरचा अर्ज भरायला सांगणे, म्हणजे शाळेच्या पटावरून नाव काढून खाजगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसवणे, ही वहिवाट शिक्षकांच्या खोलीत सर्वांना ठाऊक असते. समजा, एखाद्या शाळेत नववीला 60 मुले होती. त्यांतली 8 नववीतच रोखली गेली, 5 जणांची शाळा सुटली, 3 जणांनी सतरा नंबरचा अर्ज भरला आणि उरलेल्या 44 पैकी 43 उत्तीर्ण झाली. प्रसिद्ध होणारा निकाल 97.73 टक्के. नववीत आलेल्या 60 मुलांपैकी त्या शाळेतून वेळेवर दहावी उत्तीर्ण झालेल्यांचे प्रमाण मात्र 71.67 टक्के आहे. दोन्ही भागाकार बरोबर आहेत. पहिला शाळेच्या जाहिरातीला उपयोगी पडतो आणि दुसरा मुलांचे काय झाले ते सांगतो. ज्या पाच जणांची शाळा सुटली असे एका वाक्यात म्हणून पुढे जाता येते, त्यांत मराठवाड्यात तरी लग्न लावून दिलेली मुलगी आणि आईबापांबरोबर फडावर गेलेला मुलगा हमखास असतात. बालविवाहाचे प्रमाण ज्या जिल्ह्यांत राज्याच्या सरासरीपेक्षा जास्त आहे, त्यांत जालना, बीड आणि परभणी हे तिन्ही जिल्हे येतात. अशी मुले निकालाच्या कागदावर नापास म्हणूनही दिसत नाहीत. ती कुठेच दिसत नाहीत, आणि याच कारणाने त्यांच्यासाठी धडपडणाऱ्या शाळेची धडपडही दिसत नाही. उलट एखाद्या मुख्याध्यापकाने घरोघर जाऊन चार गळालेली मुले परत आणली, त्यांना दहावीला बसवले आणि त्यांतली दोन उत्तीर्ण झाली, तर दोन मुलांचे आयुष्य बदलते आणि शाळेचा शेकडा घसरतो. चांगल्या कामाला शिक्षा करणारे माप कितीही सोयीचे असले तरी ते बदलायलाच हवे.

निकालावर शाळेचे भवितव्य टांगण्याचे दुष्परिणाम महाराष्ट्राला नवे नाहीत. इंग्लंडमध्ये 1862 साली रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने अशी व्यवस्था आली की, तपासनीसाने घेतलेल्या वाचन, लेखन व अंकगणिताच्या परीक्षेत किती मुले उत्तीर्ण झाली यावर शाळेचे सरकारी अनुदान ठरू लागले. तिला निकालानुसार अनुदानाची पद्धत म्हणत. मुंबई इलाख्यातील खाजगी शाळांच्या अनुदानासाठीही हेच तत्त्व लावण्यात आले. 19 ऑक्टोबर 1882 रोजी हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी या पद्धतीवर स्पष्ट आक्षेप घेतला. ज्या गरीब आणि अशिक्षित लोकांमध्ये शिक्षणाची गोडीच अजून निर्माण झालेली नाही, त्यांच्यात शिक्षणाचा प्रसार करण्यासाठी ही पद्धत मुळीच योग्य नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अशा वस्तीत स्वतःच्या जबाबदारीवर शाळा काढून कोणत्याही शिक्षकाचा निर्वाह चालणार नाही, तेव्हा गोडी निर्माण होईपर्यंत सरकारी शाळा आणि विशेष उत्तेजन आवश्यक आहे, असे त्यांनी आयोगाला सांगितले. या आक्षेपामागचा विचार आजही तितकाच खरा आहे. निकालावर पैसा किंवा प्रतिष्ठा अवलंबून ठेवली, की शिक्षक आणि संस्था सहज उत्तीर्ण होणारी मुले शोधू लागतात आणि ज्यांना शाळेची सर्वाधिक गरज आहे ती मुले ओझे ठरतात. फुल्यांनी ही गोष्ट आकडेशास्त्राच्या आधाराशिवाय, केवळ ज्यांच्यात ते काम करत होते त्या लोकांकडे पाहून ओळखली होती.

मे 2025 चा निकाल विभागवार पाहिला तर एकाच परीक्षेतून दोन अगदी वेगळी चित्रे कशी निघतात हे दिसते. राज्याचा निकाल 94.10 टक्के होता. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांचा कोकण विभाग 98.82 टक्क्यांसह पहिला आणि नागपूर विभाग 90.78 टक्क्यांसह शेवटचा आला. मराठवाड्याचे आठही जिल्हे ज्या दोन विभागांत सामावतात, त्या छत्रपती संभाजीनगर आणि लातूर विभागांचा निकाल अनुक्रमे 92.82 आणि 92.77 टक्के, म्हणजे दोन्ही राज्याच्या सरासरीखाली. त्याच परीक्षेत राज्यभरात 211 विद्यार्थ्यांना शंभर टक्के गुण मिळाले, आणि त्यांपैकी लातूर विभागाचे 113 व छत्रपती संभाजीनगर विभागाचे 40, म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश मराठवाड्याचे होते, कोकणाचे 9. शंभर टक्क्यांचा हा हिशेब सर्वोत्तम पाच विषयांच्या गुणांवर आणि कला-क्रीडेचे वाढीव गुण धरून होतो, हे लक्षात घेतले तरी विरोध कायम राहतो. उत्तीर्णांच्या मापाने मागे असलेला प्रदेश शिखरावरच्या मापाने सर्वांच्या पुढे आहे. लातूर पॅटर्नने गेल्या काही दशकांत सराव, चाचण्या आणि निवडक विद्यार्थ्यांवर केंद्रित केलेली मेहनत यांची जी संस्कृती मराठवाड्यात रुजवली, तिचे फळ शिखरावर दिसते, आणि तळाशी गणित व इंग्रजीत अडकणारी मुले तशीच राहतात. या दोन टोकांच्या मध्ये असलेल्या मुलाची, म्हणजे जो 35 च्या रेषेवर अडखळत नाही आणि शिखराजवळही पोहोचत नाही अशा पन्नास-पंचावन्न टक्क्यांच्या मुलाची दखल यांपैकी कोणतेच माप घेत नाही. तो पंचावन्नचा पासष्टवर आला तरी शाळेच्या शेकडा निकालात काडीचाही फरक पडत नाही.

परीक्षाकेंद्रावरील शिस्तीचा मुद्दाही टाळता येणार नाही. 2010 च्या सुमारास नांदेडचे तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्त परीक्षेची मोहीम राबवली आणि पुढे तिचे अनुकरण इतरत्र झाले. 2025 मध्ये पूर्वी गैरप्रकार आढळलेल्या केंद्रांवर बाहेरच्या शाळांतील पर्यवेक्षक नेमण्याचा निर्णय मंडळाने घेतला. कडक केंद्रावर बसलेल्या शाळेची ढिल्या केंद्रावर बसलेल्या शाळेशी तुलना करणे म्हणजे दोन वेगळ्या परीक्षांची तुलना करणे होय, आणि प्रामाणिक शाळेचे नुकसान येथेच सर्वाधिक होते.

मग शाळेचे काम मोजायचे कसे? या प्रश्नाचा दीर्घ अनुभव इंग्लंडने घेतला आहे. तिथे 1992 पासून माध्यमिक शाळांच्या निकालांचे तक्ते सरकारमार्फत प्रसिद्ध होऊ लागले. सोळाव्या वर्षी होणाऱ्या परीक्षेत पाच विषयांत ठराविक श्रेणी मिळवणाऱ्यांचे प्रमाण हे तेव्हाचे मुख्य माप होते, आणि शाळा त्या श्रेणीच्या उंबरठ्यावरच्या मुलांवर सारे बळ लावू लागल्या. हार्वे गोल्डस्टीन आणि डेव्हिड स्पीगेलहॉल्टर या संख्याशास्त्रज्ञांनी 1996 मधील एका निबंधात दाखवले की, मूल शाळेत येताना किती शिकून आले होते हे विचारात न घेता केलेली शाळांची क्रमवारी दिशाभूल करते, आणि ते विचारात घेतले तरी बहुतेक शाळांमधील फरक अनिश्चिततेच्या मर्यादेतच राहतात. यातून मूल्यवर्धन ही कल्पना पुढे आली. मूल्यवर्धन म्हणजे मूल शाळेत आले तेव्हा कुठे होते आणि बाहेर पडताना कुठे पोहोचले यांतील अंतर, आणि हे अंतर देशभरातील तशाच सुरुवातीच्या मुलांच्या सरासरी वाटचालीशी ताडून पाहायचे असते. 2016 पासून तिथे वापरात आलेल्या प्रोग्रेस एट या मापात प्रत्येक मुलाच्या अकराव्या वर्षीच्या परीक्षेशी त्याचे सोळाव्या वर्षीचे आठ विषयांतील गुण जोडले जातात. शून्य म्हणजे अपेक्षेइतकी प्रगती, त्यावर अधिक आणि त्याखाली कमी, आणि प्रत्येक शाळेच्या आकड्यासोबत त्या आकड्याची अनिश्चिततेची मर्यादाही छापली जाते. करोनाकाळात अकराव्या वर्षीच्या परीक्षा रद्द झाल्यामुळे त्या मुलांसाठी हे माप काढता आले नाही, यावरून सुरुवातीच्या नोंदीचे महत्त्व ध्यानात यावे.

या मार्गावर एक वाद उभा राहिला आणि तो महाराष्ट्रालाही चुकणार नाही. 2006 पासून काही वर्षे इंग्लंडमध्ये मुलाच्या घरची गरिबी, भाषा इत्यादी गोष्टीही हिशेबात धरल्या जात; पण गरीब मुलाकडून कमी अपेक्षा ठेवण्याला यातून सरकारी मान्यता मिळते, असा आक्षेप घेऊन ती पद्धत सोडून देण्यात आली. आक्षेपात तथ्य आहे. ऊसतोड कामगाराच्या मुलाला 40 गुण पुरेत असे कोणत्याही तक्त्याने म्हणता कामा नये. तथापि, सहा महिने शाळेबाहेर काढावे लागलेल्या मुलाला शिकवणाऱ्या शाळेची आणि शहरातील खाजगी शिकवणी लावलेल्या मुलांच्या शाळेची एकाच फूटपट्टीने क्रमवारी लावणे हा त्याहून मोठा अन्याय आहे. यावरचा मार्ग असा की मुलासाठीचे ध्येय सर्वत्र एकच असावे; शाळेचा न्याय करताना मात्र ती मुले कुठून आली हे नोंदवावे, आणि ज्या शाळेतील मुलांची सुरुवात मागची आहे तिला शिक्षक व साधने अधिक मिळावीत. मोजमापाचा उपयोग क्रमवारी लावण्यापेक्षा ही मदत वाटण्यासाठी अधिक आहे.

महाराष्ट्रात यासाठी लागणारी सामग्री आता बरीचशी उपलब्ध आहे. 2015 पासून सरल प्रणालीत आणि त्यानंतर युडायस प्लसमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद ठेवली जाते, शाळांत नियतकालिक मूल्यांकन चाचण्या होतात आणि दहावीचे विषयवार गुण मंडळाकडे असतातच. आठवीच्या चाचणीतील गुण आणि दहावीचे गुण विद्यार्थी-क्रमांकाने जोडले, तर अंकुशनगरच्या परिसरातील शाळेने आपल्या मुलांना किती पुढे नेले हे सांगता येईल. अर्थात आठवीची चाचणी शाळेतच घेतली आणि तपासली जाते, आणि तिच्यावर प्रतिष्ठा अवलंबून ठेवली तर सुरुवातीचे गुण कमी दाखवण्याचा मोह होईल. तेव्हा निदान काही शाळांत ती बाहेरच्या परीक्षकांनी घ्यावी लागेल.

मात्र गुण जोडण्याआधी छेद बदलता येतो, आणि त्याला नवी परीक्षा किंवा नवी प्रणाली लागत नाही. दहावीच्या निकालाच्या ओळीत प्रविष्ट विद्यार्थ्यांशेजारी त्या तुकडीत नववीच्या वर्षी 30 सप्टेंबर रोजी पटावर असलेल्या विद्यार्थ्यांची संख्या छापावी, आणि दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत खरोखर दाखल झालेली मुले तेवढी त्यातून वजा करावीत. युडायसची माहिती परंपरेने याच तारखेच्या पटावरून भरली जात आली असल्याने ही संख्या सरकारदरबारी असतेच. नववीत रोखलेले, सतरा नंबरला वळवलेले आणि शाळा सुटलेले असे सारे विद्यार्थी मग त्या शाळेच्या हिशेबात राहतील, आणि त्यांना टिकवून धरणाऱ्या शाळेचा आकडा वर जाईल. सप्टेंबरअखेर ऊसतोडीच्या टोळ्या अजून निघालेल्या नसतात. फडावर जाणारी मुले त्या दिवशी गावातच असतात आणि त्यांची नावे हजेरीपटावर असतात.